आठ महिन्यांनंतर: दाढेवरची झिर्कोनियाची कॅप

उजवीकडची खालची पहिली दाढ. रूट कॅनाल झालं, ठणका थांबला आणि ‘कॅप लांबवू नका’ हे डॉक्टरांचं सांगणं मी चक्क वर्षभर लांबवलं. त्याचं फार वाईट वाटतं. रूट कॅनालमध्ये नुसती नस जात नाही. कीड कोरताना, आत वाट करताना दाढही पोखरली जाते आणि उरतात पातळ भिंती. चिक्की चावताना त्यातली जिभेकडची भिंत उडाली. तुकडा हिरडीच्या वरच तुटला म्हणून दाढ राहिली, नाहीतर काढावीच लागली असती.

धातूवर पोर्सिलिन चढवलेली कॅप स्वस्त पडत होती. पण आईच्या तसल्याच कॅपचा टवका उडालेला आणि हिरडी खाली सरकल्यावर कडेला काळी रेघ उमटलेली मी पाहिली होती. म्हणून एकसंध झिर्कोनियाची, म्हणजे धातू न घालता एकाच कणखर पांढऱ्या सिरॅमिकची घेतली. रंग शेजारच्या दातापेक्षा किंचित पांढरा वाटतो, पण मागच्या दाढेला ते चालतं.

खरा त्रास झाला उंचीचा. बसवताना उंच जागेवर खूण उमटवणारा निळा कागद चावायला दिला, मी ‘बरोबर आहे’ म्हटलं. घरी भाकरीच्या पहिल्याच घासाला कळ आली. नस नसलेली दाढ दुखेल कशी, म्हणून मी चार दिवस गप्प बसले. पण मुळाभोवतीचा पडदा जिवंतच असतो. कॅप केसभर जरी उंच राहिली तरी प्रत्येक घासाचा दाब त्यावर येतो. परत गेले, दहा मिनिटांत घासून बसती केली. घासल्यावर ती जागा पॉलिश करून घ्याच. झिर्कोनिया खरखरीत राहिला तर वरची दाढ झिजवतो.

आता रोजचं काम म्हणजे कड सांभाळणं. कॅपला कीड लागत नाही, पण कॅप संपते तिथं खालचा दात उघडाच असतो, आणि नस नसल्यामुळे तो किडला तरी दुखून सांगत नाही. माझ्या मागच्या फटीत मेथीच्या काड्या अडकतात. रात्री दातांच्या फटीतला छोटा ब्रश फिरवते, नुसत्या चुळांनी ते निघत नाही. पहिल्या दोन महिन्यांत तिथली हिरडी सुजून रक्त यायचं, ब्रश सुरू केल्यावर ते थांबलं.

सहाव्या महिन्यात एक्स-रे काढला. कड घट्ट बसलेली आहे, खाली कीड नाही. भाकरी, भाजलेले दाणे, मटण सगळं त्या बाजूनं चावते.