अंदाजपत्रकासाठी नागरिकांच्या सूचना: आमच्या महापालिकेच्या सेवेचे परीक्षण

दरवर्षी गणपतीच्या सुमारास आमच्या महापालिकेचे एक जाहीर प्रकटन स्थानिक वृत्तपत्रांत येते. पुढील आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात समाविष्ट करण्यासाठी नागरिकांनी आपापल्या प्रभागातील कामे सुचवावीत, असे आवाहन त्यात असते आणि त्यासाठीचा अर्ज नागरी सुविधा केंद्रात, क्षेत्रीय कार्यालयांत व संकेतस्थळावर मिळतो. ही सेवा मी गेली काही वर्षे नियमितपणे वापरत आलो आहे. शहराचे नाव मुद्दाम देत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील एक ड वर्ग महापालिका, म्हणजे राज्याच्या वर्गवारीतील सर्वांत लहान गटातली, एवढे सांगितले तरी पुरे, कारण येथे ज्या त्रुटी मांडणार आहे त्या एखाद्या अधिकाऱ्याच्या नसून सेवेच्या रचनेतच आहेत.

कल्पना नवी नाही. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहराने 1989 मध्ये अंदाजपत्रकातील कामे ठरवताना वस्त्यांमध्ये सभा घेण्यास सुरुवात केली आणि तेथून ही पद्धत जगभर गेली. आपल्याकडे पुणे महापालिकेने 2006 मध्ये नागरिकांकडून कामे मागवण्यास प्रारंभ केला. एका कामासाठी साधारण 5 लाख रुपयांची मर्यादा हे तेथील पद्धतीचे सर्वांना ठाऊक असलेले वैशिष्ट्य. आमच्याकडचा अर्ज त्याच वळणाचा आहे. त्यात नाव, पत्ता, प्रभाग क्रमांक, कामाचे ठिकाण, कामाचा प्रकार आणि अंदाजे खर्च एवढे रकाने आहेत. प्रकारांत रस्ता, पदपथ, गटार, पाणीपुरवठा, दिवाबत्ती, उद्यान, स्वच्छतागृह आणि शेवटी ‘इतर’ असे पर्याय दिलेले आहेत.

आधी चांगले काय ते सांगतो. अर्ज एका पानाचा आणि शुद्ध, सोप्या मराठीत आहे. सुविधा केंद्रातील कर्मचारी तो नाकारत नाहीत, ‘आधी नगरसेवकांची सही आणा’ असे सांगत नाहीत, आणि ज्येष्ठांना अर्ज भरून देण्याचे सौजन्यही दाखवतात. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मिळतो. ज्यांनी महापालिकेच्या आवक-जावक टेबलापुढे उभे राहून ‘साहेब जेवायला गेलेत’ हे उत्तर वर्षानुवर्षे ऐकले आहे, त्यांना या शिक्क्याची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. शिवाय लहान कामे खरोखर होतात. आमच्या भागातील स्मशानभूमीकडे जाणाऱ्या बोळातले दिवे, बाजाराच्या मागील मुतारीला मिळालेले दार आणि नळ, उद्यानाच्या फाटकाशी असलेल्या उघड्या गटारावरील जाळी ही सर्व कामे अशाच अर्जांतून झालेली आहेत आणि ज्यांची रोजची वाट तेथून जाते त्यांच्या दृष्टीने ती लहान नाहीत.

अडचण सुरू होते ती ‘कामाचा प्रकार’ या रकान्यापासून. या रकान्यात फक्त ते बसते ज्याचे एस्टिमेट होऊ शकते, म्हणजे जे खोदता येते, बांधता येते, बसवता येते किंवा विकत घेता येते. अर्जदाराने काहीही लिहिले असले तरी पुढच्या टेबलावर त्याला ‘काम’ व्हावे लागते, कारण काम झाल्याशिवाय त्याला दरसूचीतील (कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीतील) दर लागत नाही, दर लागल्याशिवाय लेखाशीर्ष (खर्च ज्या सदराखाली दाखवायचा ते ‘हेड’) मिळत नाही आणि लेखाशीर्षाशिवाय ते अंदाजपत्रकात छापले जात नाही.

आमच्या रस्त्यावरील पदपथाचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. त्याची कड रस्त्यापासून जवळजवळ गुडघ्याएवढी उंच होती आणि दर दहा-पंधरा पावलांवर कोणाच्या तरी फाटकासाठी ती तोडलेली होती. त्यामुळे शाळेत जाणारी मुले आणि काठी घेऊन चालणारी माणसे खाली रस्त्यावरूनच जात. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शिकेत पदपथाच्या कडेची उंची 150 मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी आणि चालण्यास मोकळी रुंदी किमान 1.8 मीटर असावी असे म्हटलेले आहे. परिसरातील रहिवाशांनी मिळून तेवढेच मागितले: उंची कमी करा, कोपऱ्यांवर उतार द्या, मधला ट्रान्सफॉर्मरचा कठडा सरकवा. कनिष्ठ अभियंता मुकादमाला घेऊन आला, टेप लावून लांबी-रुंदी घेतली, आणि उंची मोजायला सांगितल्यावर सौम्यपणे म्हणाला, “काका, लेव्हल बदलायची तर खालची पावसाळी लाइन उघडावी लागते, ते या हेडमध्ये बसत नाही. आणि तो ट्रान्सफॉर्मर एमएसईबीचा आहे.” पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात नोंद आली ती ‘पदपथास पेव्हिंग ब्लॉक बसविणे’ अशी. ब्लॉक बसले, लाल-करडी नक्षीही निघाली, कड मात्र होती तेवढीच राहिली, उलट ब्लॉकच्या जाडीने थोडी वाढली. कोपऱ्यावरच्या फलकावर ‘नागरिकांच्या सूचनेनुसार’ असे शब्द आहेत.

त्या अभियंत्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्या हाती जेवढे होते तेवढे त्याने केले. तरीही या सेवेविषयी मला जे म्हणायचे आहे ते या पदपथात सगळे येते. रहिवाशांची सूचना नाकारली गेली असती तर निदान वाद घालता आला असता. येथे ती स्वीकारली गेली आणि स्वीकारण्याच्या वाटेवरच बदलली, आणि बदलली हे सांगण्याची जबाबदारी कोणाचीच नव्हती.

दुसरी मोठी गळती मालकीच्या प्रश्नावर होते. शहरात राहणाऱ्याला शहर एकच दिसते, कागदावर मात्र त्याचे तुकडे असतात. खांब आणि ट्रान्सफॉर्मर महावितरणचे (लोकांच्या तोंडी अजून एमएसईबीचे), बसस्थानकाचा परिसर एसटी महामंडळाचा, गावातून जाणारा महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा, आणि ज्या मोकळ्या जागेत मुलांसाठी झोपाळे हवेत ती जागा कित्येकदा मंजूर रेखांकनातली (लेआउटमधली), परंतु विकसकाने अद्याप हस्तांतरित न केलेली. अशा सूचनांवर ‘महापालिकेच्या अखत्यारीत नाही’ असा शेरा पडतो आणि त्या फायलीत राहतात. बसस्थानकाबाहेर रिक्षा, वडाप (प्रवासी भरून नेणाऱ्या खासगी गाड्या) आणि सिटी बस यांची जी कोंडी होते, ती सोडवण्यासाठी माझ्या माहितीतल्या तीन-चार जणांनी वेगवेगळ्या वर्षी उत्तम आराखडे काढून दिले होते. महापालिका, वाहतूक पोलीस आणि एसटी यांनी एकत्र बसावे लागेल एवढ्या कारणावरून ते मागे पडले, वास्तविक तिन्ही कार्यालये एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

आणि मग त्या सूचना, ज्यांना पैसेच लागत नाहीत. माझ्या मते मध्यम आकाराच्या शहरात सर्वांत मोलाच्या सूचना याच असतात. उद्यान दुपारी बारा ते चार बंद न ठेवता उघडे ठेवावे, म्हणजे बाहेरगावहून दवाखान्यात आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना सावलीत बसता येईल. पाणी सोडण्याची वेळ बदलणार असेल तर व्हॉल्वमनने आदल्या रात्री प्रभागाच्या व्हॉट्सॲप गटावर कळवावे. घंटागाडी सकाळी नोकरदार घराबाहेर पडण्याआधी यावी, नाहीतर ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणारे घरही शेवटी एकाच पिशवीत भरून तो कोपऱ्यावर टाकते. शाळा सुटण्याच्या अर्ध्या तासापुरता एक रस्ता एकेरी करावा. भाजीवाल्यांसाठी पट्टे आखून द्यावेत, म्हणजे अतिक्रमणाची गाडी आली की होणारी पळापळ थांबेल. हे शेवटचे तर पथविक्रेत्यांविषयीच्या 2014 च्या कायद्याने महापालिकेचे कर्तव्यच ठरवलेले आहे. त्यासाठीच्या समितीत किमान 40 टक्के सदस्य स्वतः विक्रेते असावे लागतात. अशा सूचनांना अर्जात ‘इतर’ हा एकच आसरा आहे, आणि ‘इतर’मध्ये टाकलेल्या अर्जावर कोणत्या खात्याने पाहायचे हे ठरलेले नसल्यामुळे तो बहुधा कोणीच पाहत नाही.

उत्तर न देण्याची ही सवय महापालिकेला सर्वत्र नाही, हे विशेष. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 खाली शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा त्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात, आणि त्या देणाऱ्याला नियोजन समितीपुढे सुनावणी मिळते. तारीख कळवणारे पत्र घरी येते, माणूस समोर बसून आपले म्हणणे मांडतो, समिती अहवाल देते. निर्णय मनासारखा लागतोच असे नाही, पण म्हणणे ऐकले गेले याची नोंद राहते. त्याच इमारतीत, एक मजला खाली, अंदाजपत्रकासाठी दिलेल्या सूचनेचे पुढे काय झाले हे समजून घ्यायला दहा रुपयांचे तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो आणि 30 दिवस थांबावे लागते. सूचना करणाऱ्यालाच अपीलकर्ता बनवणारी ही व्यवस्था मला फार विचित्र वाटते.

याबाबत आइसलँडची राजधानी रेक्याविक हिचे उदाहरण पाहण्यासारखे आहे, कारण ते शहर दीड लाखाच्या आतले, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या नगरपरिषदेएवढे आहे. तेथे 2010 पासून रहिवासी संकेतस्थळावर सूचना मांडतात आणि प्रत्येक सूचनेखाली दोन रकाने असतात, एकात बाजूचे मुद्दे, दुसऱ्यात विरोधातले. कोणाच्या मुद्द्याला तेथेच प्रत्युत्तर देता येत नाही, त्यामुळे हमरीतुमरीला वाव राहत नाही. सूचना सर्वांना दिसते, शेजाऱ्याने काय मागितले ते कळते. आमच्याकडे एकाच गल्लीतले दोघे परस्परविरोधी अर्ज देतात, एकाला गतिरोधक हवा असतो आणि दुसऱ्याला आहे तो काढून हवा असतो, आणि दोघांनाही शिक्का मिळतो.

संकेतस्थळापेक्षाही जवळचा उपाय कायद्यात पडून आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या आणि महाराष्ट्राने 2009 मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली, ज्यात मतदारांनी समोरासमोर बसून कामांचा प्राधान्यक्रम सुचवायचा आहे. आमच्या प्रभागात अशी सभा भरल्याचे मला तरी आठवत नाही. 2022 नंतर अनेक महापालिकांत प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात तर सूचनांचा हा अर्ज एवढेच एक दार उघडे होते, हेही खरे.

पाचपैकी गुण द्यायचे तर अर्ज स्वीकारण्याच्या पद्धतीला मी चार देईन, छाननीला दोन आणि उत्तराला शून्य. महापालिकेने एवढेच केले तरी पुष्कळ होईल: अर्जात ‘खर्च नसलेली सूचना’ असा स्वतंत्र रकाना द्यावा, आणि अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर आवक क्रमांकानुसार स्वीकारली, बदलली की नाकारली आणि कोणत्या कारणाने, अशी यादी क्षेत्रीय कार्यालयाच्या फलकावर लावावी.

तोपर्यंत जे अर्ज देणार आहेत त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. जागा कोणाच्या मालकीची आहे ते नगररचना विभागात आधी विचारून घ्यावे आणि सर्व्हे क्रमांक अर्जावर लिहावा. एका अर्जात एकच काम मागावे. दोन असली की दोन विभागांत अर्ज फिरत राहतो. अंदाजे खर्चाचा रकाना रिकामा ठेवू नये, अभियंत्याला विचारून आकडा टाकावा. काम कसे नको तेही स्पष्ट लिहावे आणि फोटो जोडावा. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात केंद्रात मिळकतकर भरणाऱ्यांचीही रांग असते, त्यामुळे त्याआधी जावे, दोन प्रती न्याव्यात, आणि कनिष्ठ अभियंता पाहणीला येईल त्या दिवशी टेपचे दुसरे टोक स्वतः धरावे.