पाच जनावरे द्या, दोन दुभत्या गायी घ्या : दावण हलकी करण्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

जनावरांची संख्या कमी करू पाहणाऱ्या लहान दूध उत्पादकाला गाठायचे, त्याच्या गोठ्यातील चांगली जनावरे काढून न्यायची आणि बदल्यात खोटी माहिती देऊन निकामी जनावरे बांधून जायची, असा प्रकार अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या गोठ्यात घडला. प्रकरण न्यायालयात असल्यामुळे व्यापाऱ्याचे नाव लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र तपशिलाने लिहितो, कारण ती कोणत्याही गोठ्यात चालू शकेल अशी आहे.

आमच्याकडे चाऱ्याखाली दोन एकर क्षेत्र आहे. त्यात फुले जयवंत गवत, मका आणि थोडा लसूणघास असतो. एका मोठ्या संकरित गायीला दिवसाला २० ते २५ किलो हिरवा चारा, पाच-सात किलो वाळलेली वैरण आणि दुधाच्या प्रमाणात पेंड-सुग्रास (तयार पशुखाद्य) लागते, हे लक्षात घेतले तर एवढ्या क्षेत्रावर आठ-नऊ मोठी जनावरे नीट पोसता येतात. गोठ्यात तेव्हा तेरा होती : सहा दुभत्या गायी, दोन आटलेल्या (विण्याआधी दूध थांबवलेल्या), तीन मोठ्या कालवडी आणि दोन लहान वासरे. मुरघास (आंबवून साठवलेला हिरवा चारा) आणि कडबा विकत घ्यावा लागत होता. दुधाचे दर असे घसरले होते की २०२४ मध्ये राज्य सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावे लागले. दहा दिवसांच्या दुधाच्या पगारातून पेंडेची उधारी भागली की हातात फारसे उरत नसे. त्यामुळे जनावरे कमी करायची, हा आमचा विचार योग्यच होता आणि आजही मी तो योग्यच मानतो.

नेमका हाच विचार त्या व्यापाऱ्याने आमच्यापुढे जास्त नीटनेटका करून मांडला. तो आला तो सौद्याची भाषा न करता हिशेब मांडत आला. "दादा, तेरा तोंडं खातात आणि सहाच दूध देतात. पाच दावी रिकामी करा, दोन भरल्या कासेच्या बांधा. चारा वाचेल, मजुरी वाचेल आणि डेअरीला दूध तेवढंच जाईल," असे तो म्हणाला. दोन्ही आटलेल्या गायी आणि तिन्ही कालवडी तो घेणार, त्या बदल्यात जास्त दुधाच्या दोन एच. एफ. (होल्स्टीन फ्रिजियन) गायी देणार आणि फरकापोटी ४० हजार रुपयांचा पुढच्या तारखेचा धनादेश देणार, असे ठरले.

या मांडणीत लबाडी कुठे होती, ते दावणीचा हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे. आटलेली गाय म्हणजे भाकड, म्हणजे गाभणही नाही आणि दूधही देत नाही अशी, गाय नव्हे. गाभण गायीला विण्याआधी साधारण दोन महिने आटवावेच लागते, त्यामुळे आठ गायींत एक-दोन गायी कायम आटलेल्या असणारच. कालवडींचेही तसेच आहे. म्हातारपण, कासेचे आजार आणि वारंवार उलटणे (भरवूनही गाभण न राहणे) यांमुळे दरवर्षी साधारण चार-पाच गायींमागे एक गाय बदलावी लागते, म्हणजे आठ गायींच्या गोठ्याला वर्षाला दोन कालवडी तयार व्हाव्या लागतात. आमच्या तीनपैकी दोन कालवडी लिंगविनिश्चित रेतमात्रेने (मादी वासरू व्हावे म्हणून निवडलेल्या वीर्याने) भरवलेल्या आणि गाभण होत्या, म्हणजे त्यांच्या पोटी बहुतेक कालवडीच येणार होत्या. ज्यांना तो "रिकामी तोंडं" म्हणत होता, ती आमच्या पुढच्या दोन वर्षांची दावण होती, आणि हे त्याला पक्के ठाऊक होते. खरोखर कमी करण्याजोगी जनावरे दुभत्यांतच होती : एक गाय तीनदा भरवूनही उलटत होती आणि एकीचे दोन सड दगडीने (कासेच्या सुजेने) गेले होते. त्यांच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिले नाही.

पहिली गाय "दुसऱ्या वेताची, दोन आठवड्यांपूर्वी व्यालेली, वेळेला बारा लिटर" म्हणून दाखवली. त्याच्या गोठ्यावर संध्याकाळी धार काढली तेव्हा बादलीत खरोखरच बारा लिटर दूध आले. आमच्याकडे आल्यावर दुसऱ्या दिवशी वेळेला पाच लिटरही मिळेना. सकाळची धार न काढता कास तुंबवून ठेवली होती, त्यामुळे दोन वेळांचे दूध एका वेळेला दिसले होते. तिच्यासोबत दिलेले वासरू पाहून वहिनींना आधी शंका आली. धारा काढण्याचे काम त्यांच्याकडे असल्याने वासरांवर त्यांचे बारीक लक्ष असते. वासराच्या बेंबीला नाळेचा तुकडा अजून ओलसर लोंबत होता. दोन आठवड्यांच्या वासराची नाळ वाळून गळायला आलेली असते. शिवाय ते कासेला लागले की गाय लाथ मारायची आणि त्याला एकदाही चाटायची नाही. वासरू दुसऱ्याच गायीचे होते. ही गाय व्यायल्याला बरेच महिने झाले होते आणि ती गाभणही नव्हती.

दुसरी गाय सहा महिन्यांची गाभण म्हणून दिली. ती खरोखर गाभण होती; पण पुढच्याच महिन्यात गाभडली, म्हणजे तिचा गर्भपात झाला, आणि तिची वार (गर्भाबरोबर पडणारे आवरण) अडकली. डॉक्टरांनी हातमोजे घालूनच ती हाताळली, पडलेला गर्भ व वार चुना टाकून खोल पुरायला लावली आणि नंतर सगळ्या जनावरांच्या रक्ताचे नमुने घेतले. ब्रुसेलोसिस म्हणजे सांसर्गिक गर्भपात निघाला. आमच्या घरच्या एका गायीचा अहवालही दूषित आला. या रोगावर गायीला भरवशाचा उपचार नाही. तो न उकळलेल्या दुधातून आणि वारेच्या संपर्कातून माणसालाही होतो, म्हणून घरातील सर्वांना तपासण्या करून घ्याव्या लागल्या.

जनावरांच्या संख्येचा प्रश्न इथे पुन्हा उलटा फिरला. अशी गाय दुसऱ्याला विकणे म्हणजे त्याच्या गोठ्यात रोग सोडणे, आणि ते आम्हाला मान्य नाही. राज्यात गोहत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे आणि मार्च २०१५ पासून बैल-वळूंनाही ती लागू झाली आहे; त्यामुळे निकामी गोवंशाला गोशाळेखेरीज वाट उरत नाही, आणि रोगी गाय घ्यायला गोशाळाही तयार होत नाही. दावण हलकी करण्यासाठी केलेल्या व्यवहारातून तीन न विकता येणारी जनावरे आमच्या गळ्यात पडली. दोन रोगी गायी वेगळ्या छपरात बांधाव्या लागतात, आणि तिसरी, म्हणजे व्यापाऱ्याने दिलेली पहिली गाय, अजून भरवून पाहतो आहोत.

व्यापाऱ्याने दिलेल्या दोन्ही गायींच्या कानांत ओळख क्रमांकाचे पिवळे बिल्ले होते. १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावराच्या खरेदी-विक्रीला राज्यात मनाई असल्याने, बिल्ला दिसला की माणूस निश्चिंत होतो. पण नंतर निरखून पाहिले तेव्हा गाभडलेल्या गायीच्या कानात नव्या बिल्ल्याच्या शेजारी भरून आलेला जुना छेद दिसला. जनावरांच्या दवाखान्यात १२ आकडी क्रमांक तपासला, तर नोंद व्यवहाराच्या थोड्याच दिवस आधीची निघाली. मागची वेते, रेतन, लसीकरण यांपैकी काहीही तिच्या नावावर नव्हते. जुना बिल्ला काढून तिचा इतिहासच पुसला गेला होता. बिल्ला पाहताना क्रमांकाबरोबर पूर्ण कान चाचपून पाहावा आणि नोंदीची तारीख पैसे देण्याआधी दवाखान्यातून तपासून घ्यावी.

माझे स्पष्ट मत असे आहे की जनावरे कमी करायची असतील तर अदलाबदली करूच नये. अदलाबदलीत कोणत्याच जनावराची किंमत उघडपणे ठरत नाही, आणि सगळी लबाडी त्या न ठरलेल्या किमतीत दडते. विकायचे ते रोख विकावे, आणि घ्यायचे असेल तर स्वतंत्रपणे, काही काळाने घ्यावे. दुधाची खात्री करायची तर विकणाऱ्याच्या गोठ्यावर सलग धारा पाहाव्यात. पहिली धार केवळ कास रिकामी करण्यापुरती धरावी आणि त्यानंतरच्या सकाळ-संध्याकाळच्या दुधाची बेरीज लिहून घ्यावी. गर्भतपासणी आणि ब्रुसेलोसिसची रक्ततपासणी आपल्या डॉक्टरांकडूनच करावी. आम्हाला दाखवलेला गर्भतपासणीचा कागद पशुवैद्यकाचा नव्हताच. नवे जनावर आणले तर किमान तीन-चार आठवडे वेगळे बांधावे. घरच्या कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलोसिसची लस द्यावी. ती आयुष्यात एकदाच द्यावी लागते आणि सरकारी दवाखान्यातून मिळते.

४० हजारांचा धनादेश खात्यात पैसे नसल्याने परत आला. अशा वेळी मुदती फार महत्त्वाच्या असतात. धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरावा लागतो. तो परत आल्याची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस मिळतात आणि त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते. व्यापारी "आज देतो, उद्या देतो" म्हणत राहतो तो ही मुदत उलटावी म्हणूनच. आम्ही वकिलांमार्फत नोटीस वेळेत दिली आणि धनादेश न वटण्याबद्दलच्या कलम १३८ खाली तक्रार दाखल झाली आहे. गायींबद्दलची फसवणुकीची तक्रार पोलिसांकडे वेगळी दिली असून तिला रक्ताचे अहवाल, बिल्ल्यांच्या नोंदी आणि व्यवहाराच्या वेळचे फोटो जोडले आहेत. आमच्या दोन गाभण कालवडी जिल्ह्याबाहेर विकल्या गेल्या, एवढाच पत्ता आतापर्यंत लागला आहे.