राणीची बाग की बोरिवलीचं जंगल?

पोरांना प्राणी हमखास दाखवायचे असतील तर भायखळ्याची राणीची बागच. १८६२ पासूनची ही बाग. झाडं इतकी जुनी आणि घनदाट की प्राणी नसते तरी मी गेलो असतो. काचेपलीकडून हम्बोल्ट पेंग्विन सुर्रकन पोहत जातात तेव्हा भाचीइतकाच मीही काचेला नाक लावून उभा राहतो. आणि तिथेच मन खातं. ही जात पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरची; त्यातले आठ पक्षी २०१६ मध्ये मुंबईत आणले. एक काही महिन्यांतच दगावला. समुद्राच्या बदल्यात थंड केलेली खोली! शिवाय कुंपणापाशी शिट्ट्या मारणारे काका असतातच.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबटे मोकळे, म्हणूनच ते दिसतील याची हमी नाही. उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांच्या वाटेवर माकडं, फुलपाखरं, नशिबात असेल तर हरणं. चार वर्षांचं पोर मात्र अर्ध्या वाटेत "वाघ कुठाय?" म्हणून भोकाड पसरतं. (वाघ तिथेही आहेत, पण सफारीच्या कुंपणात. म्हणजे टोचणी तिथेही सुटत नाही.)

भाचीला आता आठवं लागलंय. यंदा आम्ही बोरिवलीची गाडी पकडणार.