भाजणी, मेतकूट आणि नाचणीची पिठे : ठाण्यातील एका गृहउद्योगाच्या उत्पादनांचे परीक्षण

घाईच्या दिवशी दहा-पंधरा मिनिटांत पोटभर आणि सकस खायचे असेल, तर तयार भाजणीइतकी विश्वासाची वस्तू आपल्या स्वयंपाकघरात दुसरी नाही, असे माझे मत आहे. पाकिटातल्या शेवयांचे किंवा गरम पाणी ओतून खायच्या उपम्याचे काम झटपट होते हे खरे. पण भाजणीत वेळखाऊ कष्ट आधीच कोणीतरी नीट केलेले असतात आणि धान्याचा कोंडाही त्यात शाबूत राहतो. ते कष्ट खरोखरच नीट केलेले आहेत की नाहीत, यावर सगळे अवलंबून असते. ठाण्यातील महिलांच्या एका छोट्या गृहउद्योगाची थालीपीठ भाजणी, मेतकूट आणि नाचणीची पिठे आमच्या घरी नियमित येतात. त्यांविषयी येथे लिहीत आहे.

सर्वांत उत्तम आहे ती थालीपीठ भाजणी. पाकिटावरील यादीत ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, गहू, उडीद डाळ, धने आणि जिरे एवढेच जिन्नस आहेत. मैदा नाही, मीठ नाही, तिखटही नाही. पाकिटावरील घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक असल्यामुळे ही यादी वाचली की बरेच कळते. पहिल्या दोन जागी ज्वारी-बाजरी असेल तर भाजणी भरड धान्याची आहे असे समजावे, आणि पहिल्या जागी गहू किंवा तांदूळ असेल तर ती केवळ नावापुरती. येथील दळण किंचित रवाळ आहे, जे थालीपिठाला हवेच असते. प्रत्येक धान्य वेगवेगळे भाजले आहे, हेही वासावरून कळते. बाजरी आणि धने एकाच कढईत, एकाच वेळी घातले, तर एक कच्चे राहते आणि दुसरे करपते, आणि मग पिठाला एक कडवट झाक येते. ती येथे अजिबात नाही. उडदाचे प्रमाणही बेताचे आहे. ज्वारी-बाजरीत चिकटपणा नसल्यामुळे थालीपीठ थापताना कडा फाटतात, त्यांना धरून ठेवण्याचे काम उडीद आणि थोडा गहू करतात. मात्र उडीद वाढला की थालीपीठ चिवट होते आणि हरभरा डाळ वाढली की कोरडे. या भाजणीत तो तोल साधलेला आहे, म्हणून गार झालेले थालीपीठ दुपारी डब्यातून काढले तरी मऊ असते.

पौष्टिकतेच्या दृष्टीने धान्य आणि डाळ एकत्र येणे महत्त्वाचे आहे. धान्यांच्या प्रथिनांत लायसिन कमी असते आणि डाळींच्या प्रथिनांत मेथिओनिन. दोन्ही एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. सोबत वाटीभर दही घेतले की सकाळची न्याहारी पूर्ण होते. किसलेला दुधी, चिरलेली मेथी किंवा कांद्याची पात घातली तर भाजी वेगळी करावी लागत नाही. कामावर जाणाऱ्यांनी रात्री पीठ भिजवून ठेवू नये, असे मी सुचवेन, कारण मीठ आणि कांदा यांमुळे पीठ पाणी सोडते आणि सकाळी थापता येत नाही. त्याऐवजी कोरड्या भाजणीत तिखट, हळद, ओवा आणि तीळ मिसळून डबा तयार ठेवावा. सकाळी मीठ, कांदा, कोथिंबीर आणि कोमट पाणी घालून गोळा करावा. थालीपिठाला मधोमध आणि भोवती भोके पाडून त्यांत थेंब-थेंब तेल सोडावे व झाकण ठेवावे, म्हणजे चमचाभर तेलातही ते खमंग भाजते.

थापण्याइतकाही वेळ नसेल तेव्हा मोकळ भाजणी करावी. हा पदार्थ हल्ली फारच कमी घरांत होतो, याचे मला वाईट वाटते. मोहरी, हिंग, हळद यांची फोडणी करून त्यात भरपूर कांदा परतावा, साधारण भाजणीएवढेच पाणी आणि मीठ घालून उकळी आणावी, भाजणी पसरून घालावी, हलवून झाकण ठेवावे आणि मंद आचेवर दोन-तीन दणदणीत वाफा आणाव्यात. वर ओले खोबरे आणि बाजूला ताक. पीठ मुळात भाजलेले असल्यामुळे कच्चेपणा राहत नाही आणि रात्री उशिरा घरी परतलेल्या माणसाचे जेवण उपम्याइतक्याच वेळात होते.

मेतकूट चांगले आहे, पण भाजणीच्या तोडीचे नाही. हिंग आणि सुंठ ठळक आहेत, जायफळाचा वास हलका आहे, रंगही योग्य आहे. मात्र मीठ माझ्या मते जास्त आहे. मऊ भातावर तूप आणि मेतकूट घेताना भात अळणी ठेवल्यास ते चालून जाते. दह्यात कालवून, वरून फोडणी आणि बारीक चिरलेला कांदा घालून भाकरीबरोबर खाल्ले तर अधिक रुचकर लागते, कारण दह्यामुळे खारटपणा निवतो. ज्यांना ग्लूटेन वर्ज्य आहे, त्यांनी भाजणी आणि मेतकूट दोन्ही टाळावीत. दोहोंत गहू आहे, आणि बाजारातील बहुतेक हिंगातही गव्हाचे पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो.

नाचणीबाबत मात्र माझी स्पष्ट तक्रार आहे. येथे नाचणीचे सत्त्व आणि मोड आणलेल्या नाचणीचे पीठ अशी दोन पाकिटे मिळतात आणि दोन्हींवर ‘तंतुमय’ असे एकच वर्णन छापलेले आहे. सत्त्व करताना नाचणी भिजवून, वाटून, गाळून घेतात आणि खाली बसलेला साका वाळवतात. म्हणजे कोंडा गाळण्यातच निघून जातो. ते लहान बाळाला किंवा आजारी माणसाला पचायला हलके असते, हा त्याचा खरा गुण आहे आणि तोच पाकिटावर लिहिला पाहिजे. मोठ्यांच्या रोजच्या न्याहारीसाठी मोडाच्या नाचणीचेच पीठ घ्यावे. अख्ख्या नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, जे इतर सर्व धान्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. दोन चमचे पीठ गार पाण्यात कालवून, उकळत्या पाण्यात शिजवून, निवल्यावर ताक, जिरेपूड आणि मीठ घातले की आंबील तयार होते; उन्हाळ्यात कार्यालयात नेण्यासाठी त्याहून चांगले पेय मला माहीत नाही.

दुकानाची मांडणी सुधारायला हवी. पारदर्शक पाकिटे दर्शनी काचेत, उन्हात रचलेली असतात. बाजरीत स्निग्धांश बराच असतो, आणि ऊन लागले की असे पीठ लवकर खवट होते. म्हणून मी नेहमी आतल्या कपाटातील पाकीट मागतो आणि दळणाची तारीख पाहतो. काउंटरवरील ताई ते आनंदाने काढून देतात. पाकिटावर सहा महिन्यांची मुदत असली तरी भाजणी दोन महिन्यांत संपवावी, आणि पावसाळ्यात पाकीट फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवावी. किंमत वाण्याकडील साध्या पिठांच्या मानाने चढी आहे, परंतु आठ जिन्नस निवडून, वेगवेगळे भाजून, गिरणीत नेऊन दळून आणण्याचे श्रम लक्षात घेता ती मला रास्त वाटते. अर्धा किलोचे पाकीट चौघांच्या कुटुंबाला आठवड्यातून एकदा थालीपिठे करायची झाल्यास तीनेक आठवडे पुरते. चकलीची भाजणी तेथे केवळ दिवाळीच्या सुमारास मिळते आणि ती आधी सांगून ठेवावी लागते.