एन्क्रिप्टेड डिस्कवर रीडअहेड: १२८ केबी की ४ एमबी?

लिनक्समध्ये रीडअहेड (मागण्याआधीच पुढचा डेटा डिस्कवरून वाचून ठेवायचं माप) सहसा १२८ केबी असतं, म्हणजे ५१२ बाइटचे २५६ सेक्टर. साध्या डिस्कला तेवढं पुरतं. लक्स (LUKS, लिनक्समधली डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत) लावलं की मधे डीएम-क्रिप्ट हा कर्नलमधला एन्क्रिप्शनचा थर येतो आणि प्रत्येक तुकडा उलगडूनच (डिक्रिप्ट होऊनच) वर पोचतो. रीडअहेडची खिडकी १२८ केबीची असेल तर एका वेळी उलगडायला कामच थोडं मिळतं. एखादा कोर राबतो, बाकीचे माश्या मारत बसतात. ४ एमबी केलं, म्हणजे ८१९२ सेक्टर, की बऱ्याच विनंत्या एकदम रांगेत येतात आणि काम कोरांमध्ये वाटलं जातं. मोठे व्हिडिओ, बॅकअप असं सलग वाचन असेल तर मी डोळे झाकून ४ एमबी निवडेन.

डेटाबेससाठी मात्र १२८ केबीच बरं. तिथे वाचन इकडून-तिकडून होतं. नको असलेली पानं (डेटाचे तुकडे) आणायची, वर ती उलगडायलाही प्रोसेसर जाळायचा, आणि पेज कॅशमधली, म्हणजे वाचलेला डेटा रॅममध्ये ठेवायच्या जागेतली, कामाची पानं हुसकावायची!

बहुतेक जण फसतात ते वेगळ्याच जागी. आकडा मूळ डिस्कवर बदलतात, पण फाइलसिस्टीम बसलेली असते मॅपरवर, म्हणजे डीएम-क्रिप्टने वर उभ्या केलेल्या डीएम-० वगैरे आभासी डिस्कवर. तिथलाच आकडा चालतो. शिवाय मशीन रीबूट झालं की तो पुसला जातो, म्हणून यूडेव्हचा (डिव्हाइस दिसलं की त्याची सेटिंग लावणारी लिनक्सची यंत्रणा) नियम लिहून ठेवा.

तुलना करताना दर वेळी आधी पेज कॅश रिकामी करा. नाहीतर दुसऱ्या फेरीत तुम्ही डिस्क नाही, रॅमच मोजत असता.