मलपृष्ठाच्या स्कॅनवरून बारकोड वाचताना : झेडबार, झेडएक्सिंग-सीपीपी की ओपनसीव्ही?

वाचनालयातील पुस्तकांची संगणकीय नोंद करण्यासाठी मलपृष्ठे स्कॅन करून त्यांवरील बारकोड प्रोग्रॅमकडून वाचून घ्यायचे ठरले, की पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत तीन मोफत ग्रंथसंच (प्रोग्रॅममध्ये वापरायच्या तयार कोडचे संच, म्हणजे सॉफ्टवेअरच्या ‘लायब्ररी’) समोर येतात : झेडबार, झेडएक्सिंग-सीपीपी आणि ओपनसीव्ही. मलपृष्ठावर बहुधा दोन बारकोड असतात, हे निवड करण्यापूर्वी लक्षात घ्यावे लागते. एक प्रकाशकाने छापलेला, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) वाहून नेणारा ईएएन-१३, म्हणजे विक्रीच्या वस्तूंवर असतो तो तेरा अंकी बारकोड; दुसरा वाचनालयाने चिकटवलेला, दाखल क्रमांकाचा (वाचनालयाने त्या प्रतीला दिलेल्या नोंदक्रमांकाचा), जो सहसा कोड ३९ किंवा कोड १२८ या पद्धतीचा असतो. त्यामुळे बारकोड वाचता येणे पुरेसे नाही. कोणता आकडा कोणत्या रकान्यात जायचा, हेही प्रोग्रॅमला ठरवता आले पाहिजे.

याच कसोटीवर ओपनसीव्ही बाद होते. आवृत्ती ४.८ पासून तिचा बारकोड विभाग मुख्य ग्रंथसंचात आला असला, तरी तो ईएएन आणि यूपीसी या, विक्रीच्या वस्तूंवरील बारकोडच्या कुळापुरताच आहे. दाखल क्रमांकाची चिठ्ठी त्याला वाचता येत नाही. मात्र प्रतिमेत बारकोड कुठे आणि किती तिरका आहे हे आधी शोधून, तो सरळ करून मग वाचण्याची तिची रीत चांगली आहे. केवळ आयएसबीएन हवा असेल आणि छायाचित्रे हातात धरून वेडीवाकडी काढलेली असतील, तर तिचा विचार अवश्य करावा.

खरी तुलना उरते ती झेडबार आणि झेडएक्सिंग-सीपीपी यांच्यात. दोघांचेही मूळ तंत्र प्रतिमेवरून आडव्या-उभ्या रेषा फिरवून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रुंदी मोजण्याचे असल्याने, एखादी तरी रेषा सर्व पट्ट्या ओलांडून गेली तरच वाचन होते. पूर्ण उंचीचा ईएएन-१३ बराच तिरका असला तरी हे साधते. पण जागा वाचवण्यासाठी बारकोडची उंची निम्म्यावर आणलेली पुस्तके काही कमी नाहीत, आणि तिथे थोडा तिरकेपणाही नडतो. झेडबार हलका आणि वेगवान आहे, आणि स्वच्छ स्कॅनवर त्याच्याबद्दल तक्रार करावी असे काही नाही. लिनक्सवर मात्र पायथॉनच्या आवरणाखेरीज त्याचा मूळ सी ग्रंथसंच वेगळा बसवावा लागतो. झेडएक्सिंग-सीपीपी एकाच आज्ञेत बसतो, डेटा मॅट्रिक्स आणि पीडीएफ४१७ हे द्विमितीय कोडही वाचतो, आणि आयएसबीएनशेजारच्या पाच अंकी पुरवणी बारकोडचे काय करायचे, हे एका पर्यायाने ठरवू देतो. परदेशी पुस्तकांवर या पुरवणीत बहुधा किंमत असते. परवान्याच्या बाबतीत झेडबार एलजीपीएल, तर झेडएक्सिंग-सीपीपी अपाचे २.० या मुक्त परवान्याखाली येतो. वाचनालयाच्या अंतर्गत वापरात या फरकाने काही बिघडत नाही.

वर्गवारीसाठी दोन्ही ग्रंथसंच प्रत्येक निकालासोबत पद्धतीचे नाव देतात, पण केवळ त्यावर विसंबणे धोक्याचे आहे. मलपृष्ठावरचा प्रत्येक ईएएन-१३ आयएसबीएन नसतो. ९७८ किंवा ९७९ ने सुरू होणाराच त्या रकान्यात जावा, आणि त्यातही ९७९० हा उपसर्ग छापील स्वरलिपींचा असल्याने तो वगळावा. पडताळा अंक, म्हणजे क्रमांक चुकला आहे का हे कळण्यासाठी आधीच्या अंकांवरून काढलेला शेवटचा अंक, ग्रंथसंच स्वतः तपासतातच. पण ज्या पुस्तकांवर बारकोड नाही त्यांचे क्रमांक हाताने टंकावे लागतात, म्हणून ते गणित आपल्या प्रोग्रॅममध्येही असावे. ९७८०३०६४०६१५७ हा क्रमांक घ्या. पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज केली की ९३ येते. दहाच्या पुढच्या पटीपर्यंत, म्हणजे इथे शंभरापर्यंत, ७ कमी पडतात, आणि तोच शेवटचा अंक आहे. २००७ पूर्वीच्या पुस्तकावर माणसाने वाचण्यासाठी छापलेला आयएसबीएन दहा अंकी आणि बारकोडमधला तेरा अंकी असू शकतो. दोघांचे पडताळा अंक वेगळ्या सूत्राने निघतात, त्यामुळे ते जुळत नाहीत म्हणून नोंद चुकीची ठरवू नये. कोड ३९ ला पडताळा अंक सक्तीचा नाही, कोड १२८ ला आहे. चिठ्ठ्या अजून छापायच्या असतील, तर कोड १२८ च निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एका स्कॅनमध्ये दोन पुस्तके ठेवली, तर कोणता दाखल क्रमांक कोणत्या आयएसबीएनचा, हे जागेवरून ठरवावे लागते. निकाल ज्या क्रमाने आले त्यावर भरवसा ठेवू नये. झेडबार चौकट देतो, झेडएक्सिंग-सीपीपी चार कोपरे देतो. पण पट्ट्यांच्या बारकोडची ही चौकट त्याच्या संपूर्ण उंचीची नसून ज्या रेषांवर वाचन झाले तेवढ्यांचीच असू शकते, म्हणून वरची कड नव्हे, तर मध्यबिंदू घेऊन जोड्या लावाव्यात. आमचा पहिला प्रयत्न वरच्या कडेवर आधारलेला होता आणि शेजारी ठेवलेल्या दोन पुस्तकांचे दाखल क्रमांक बिनबोभाट अदलाबदल झाले. ग्रंथपाल बाईंनी नोंदवही ताडून पाहिली म्हणून ते उघडकीस आले.

माझी निवड झेडएक्सिंग-सीपीपीची आहे, आणि त्याला शोधायच्या पद्धती ईएएन-१३ व कोड १२८ (चिठ्ठ्या आधीच कोड ३९ च्या असतील तर तो) एवढ्याच सांगाव्यात, म्हणजे वेळही वाचतो आणि भलतेसलते वाचनही टळते. स्कॅन ३०० डीपीआयवर (दर इंचाला ३०० ठिपके) घ्यावा. मूळ आकाराच्या ईएएन-१३ ची सर्वांत अरुंद पट्टी ०.३३ मिलिमीटरची असते. ३०० वर तिला जवळजवळ चार पिक्सेल मिळतात, १५० वर जेमतेम दोन, आणि ८० टक्के आकारात छापलेल्या बारकोडला त्याहूनही कमी. अशा स्कॅनवर ग्रंथसंच बदलून पाहण्याऐवजी पुस्तक पुन्हा काचेवर ठेवणे स्वस्त पडते.