सहल की पाळ्यांचा तक्ता?

कुपवाड एमआयडीसीत कारखाना चालवणारा मित्र विचारत होता: पोरांचा हुरूप वाढवायला महाबळेश्वरची सहल काढू, की पाळ्यांचा तक्ता पंधरा दिवस आधी लावू? (बोनस यात धरू नका, पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के कायद्यानेच द्यावा लागतो.)

खर्च म्हणाल तर सहलीला बस, जेवण, दिवसभर बंद मशीन. तक्त्याला एक कागद. डोकेदुखी मात्र तक्त्यातच जास्त. ऐनवेळी कुणी दांडी मारली की सुपरवायझर घामाघूम. सहलीचे फोटो आठवडाभर फिरतात, मग संपलं. तक्ता लागला की लेथवरचा माणूस बायकोला सांगू शकतो, "गुरुवारी मी घरी आहे, बाळाला डोस द्यायला मी नेतो."

माणसं नवी, एकमेकांशी बोलत नसतील तर सहल काढा. जुनी माणसं सोडून जात असतील तर तक्ताच.